धुऱ्यापर्यंतचे मत : अमेरिकेतील गोऱ्या उदारमतवाद्यांचा बदल गावच्या अभ्यासमंडळात कसा अभ्यासावा

शेतांकडे जाणारा पांदण रस्ता नको, असे म्हणणारा माणूस आमच्या भागात शोधूनही सापडत नाही. ग्रामसभेत हात वर करायला सगळे तयार असतात. पण मोजणी झाली आणि रस्ता आपल्याच वावराच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, जाणार असे कळले, की तोच माणूस सातबारा घेऊन तहसीलच्या पायऱ्या चढू लागतो. अमेरिकेतील गोऱ्या उदारमतवाद्यांचे काळ्या नागरिकांच्या न्यायाविषयीचे मत गेल्या साठ-सत्तर वर्षांत कसे बदलले, हा विषय आमच्या अभ्यासमंडळात घेतला तेव्हा मला या धुऱ्याचा जेवढा उपयोग झाला, तेवढा कोणत्याही आलेखाचा झाला नाही. गावच्या वाचनालयात, अभ्यासिकेत किंवा कनिष्ठ महाविद्यालयाच्या मंडळात हा विषय घेण्याची ज्यांची इच्छा असेल, त्यांच्यासाठी आमची पद्धत, तिच्यातील चुकांसह, येथे लिहीत आहे.

वेळ ठरवताना आधी शेतीकडे पाहावे. दिवाळीनंतर कापूस वेचणीच्या दिवसांत घरातील बायामाणसे इतकी थकलेली असतात, की बैठकीला फक्त पुरुष येतात, आणि अशी बैठक निम्मीच समजावी. आम्ही उलंगवाडी, म्हणजे कापसाची शेवटची वेचणी, झाल्यावर, फाल्गुनात, रात्री आठ ते साडेनऊ अशी वेळ धरली. चार संध्याकाळी ठरवल्या होत्या, लागल्या पाच. साहित्य घरातलेच घ्यावे : सुतळी, जुन्या लग्नपत्रिका (त्यांच्या कोऱ्या बाजूवर लिहिता येते), तुरीचे मोजून शंभर दाणे, दोन मडकी आणि डझन-दीड डझन लहानमोठी संत्री.

शब्द आणि सुतळी

पहिली संध्याकाळ शब्दांसाठी ठेवावी. मराठीत 'उदारमतवादी' म्हटले की रानडे-गोखल्यांचा सनदशीर नेमस्तपणा डोळ्यांपुढे येतो. अमेरिकेत आज 'लिबरल' म्हणवणारा माणूस म्हणजे सरकारने आरोग्य, शिक्षण, रोजगार यांत हात घालावा असे मानणारा, बहुधा डेमोक्रॅटिक पक्षाला मत देणारा, डावीकडे झुकलेला मतदार. दोन्ही अर्थ एकमेकांत मिसळले तर पुढची सगळी चर्चा वाकडी जाते. 'बहुधा' हा शब्दही सोडू नये, कारण प्रत्येक डेमोक्रॅट लिबरल नसतो आणि पूर्वी तर मुळीच नसे. दक्षिणेकडील राज्यांत वंशभेदाचे कायदे टिकवून धरणारा पक्ष अनेक दशके डेमोक्रॅटिकच होता. १९६४ चा नागरी हक्क कायदा सिनेटमध्ये ७३ विरुद्ध २७ मतांनी संमत झाला, त्यात विरोधी २७ पैकी २१ मते डेमोक्रॅटांची आणि ६ रिपब्लिकनांची होती. हा आकडा फळ्यावर लिहिला की स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुले हमखास चमकतात. चमकू द्यावीत. पक्षाचे नाव आणि पक्षाचे मत ही दोन वेगळी खाती आहेत, हे व्याख्यानापेक्षा या एका मतदानातून लवकर कळते.

मग भिंतीला सुतळी बांधून तिच्यावर तारखांच्या पत्रिका अडकवाव्यात. फार नकोत, आम्ही दहाच ठेवल्या. १९५४ : शाळांतील वंशविभाजन घटनाबाह्य ठरवणारा ब्राउन खटल्याचा निकाल. १९६३ : नागरी हक्कांसाठीचा वॉशिंग्टनचा मोर्चा. १९६४ : नागरी हक्क कायदा. १९६५ : मतदान हक्क कायदा. १९६७ : आंतरवंशीय विवाहावरील बंदी रद्द करणारा लविंग खटला. १९७४ : बोस्टनच्या शाळांच्या बसगाड्या. २००८ : ओबामांची निवड. २०१४ : मिसूरीतील फर्ग्युसन येथे पोलिसांच्या गोळीने मायकेल ब्राउनचा मृत्यू. २०२० : मिनियापोलिसमध्ये २५ मे रोजी पोलिसांच्या हातून जॉर्ज फ्लॉइडचा मृत्यू. २०२३ : विद्यापीठ प्रवेशात वंशाचा विचार करण्याची प्रथा मोडीत काढणारा, २९ जूनचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. सुतळीचे शेवटचे टोक मोकळे सोडावे आणि चार कोऱ्या पत्रिका तिथेच टाचून ठेवाव्यात.

दाणे आणि संत्री

टक्केवारी ऐकून माना हलतात, पण मनात काही उमटत नाही. म्हणून सतरंजीवर दोन वाट्या ठेवून आकडा दाण्यांनी मांडावा. गॅलप या जनमत पाहणी संस्थेने १९५८ साली अमेरिकनांना विचारले, की काळ्या-गोऱ्यांचे लग्न तुम्हाला मान्य आहे का. होय म्हणणारे १०० पैकी ४ निघाले. चार दाणे एका वाटीत, शहाण्णव दुसऱ्या वाटीत. १९६८ साली, म्हणजे न्यायालयाने बंदी उठवल्यानंतर वर्षभराने, वाटीत २० दाणे होते. २०२१ साली ९४. शहाण्णव दाण्यांची वाटी इतकी रिकामी झालेली पाहताना आमच्या मंडळात क्षणभर कोणी बोलले नाही, नंतर कोपऱ्यातून प्रश्न आला, "सर, हे खरंच बदलले का फक्त तोंडानं बदलले?" हाच पुढच्या सगळ्या संध्याकाळींचा प्रश्न आहे, आणि तो संचालकाने विचारू नये, येईपर्यंत थांबावे.

त्याच वाट्यांनी दुसरा हिशेब मांडावा. काळ्यांची प्रगती अडते ती मुख्यतः वंशभेदामुळे की त्यांच्या स्वतःमुळे, असा प्रश्न प्यू संशोधन केंद्र १९९४ पासून विचारत आले आहे. त्या वर्षी वंशभेदाला कारण मानण्यात दोन्ही पक्षांच्या समर्थकांत १३ टक्क्यांचे अंतर होते, २००९ मध्ये १९, आणि २०१७ मध्ये ५०. त्या वर्षी डेमोक्रॅटांकडे झुकणाऱ्यांतील ६४ टक्के लोक वंशभेदाला मुख्य कारण मानत होते, रिपब्लिकनांकडे झुकणाऱ्यांत १४ टक्के. काळे मतदार तर हे आधीपासूनच मोठ्या प्रमाणात म्हणत होते. डेमोक्रॅटिक बाजूला नवी भर पडली ती प्रामुख्याने गोऱ्यांची, त्यातही स्वतःला लिबरल म्हणवणाऱ्यांची. हा बदल ट्रम्प यांच्या निवडणुकीने घडला असे पुष्कळदा सांगितले जाते, पण ओबामांच्या दुसऱ्या कारकिर्दीत, फर्ग्युसनच्या सुमारास, मोबाइलवरील चित्रफिती घरोघर पोहोचू लागल्या तेव्हाच तो सुरू झालेला दिसतो; ट्रम्प यांच्यामुळे तो रुंदावला, असे म्हणणे जास्त बरोबर आहे.

आता संत्री. सगळी संत्री एका टोपलीत ठेवून अंदाजे सरासरी वजन काढावे, मग लहान फळे बाजूला काढून उरलेल्यांचे काढावे. सरासरी वाढते, पण एकही संत्रे वाढलेले नसते. प्रतवारी काय असते हे वरूड-मोर्शीकडच्या कोणालाही शिकवावे लागत नाही, म्हणूनच हा दाखला बिनचूक बसतो : 'गोऱ्या उदारमतवाद्यांचे मत बदलले' या वाक्यात माणसे बदलली, की वेगळ्या मताची माणसे ती टोपली सोडून गेली, हे सरासरीवरून कळत नाही. ते कळायचे तर त्याच माणसांना काही वर्षांनी पुन्हा विचारावे लागते. तशा पाहण्या झालेल्या आहेत आणि त्यांतून दोन्ही गोष्टी घडल्याचे दिसते. काहींनी वंशाविषयीच्या मतामुळे पक्ष बदलला. आणि, हे मला अधिक विचार करायला लावणारे वाटते, काहींनी पक्ष तोच ठेवून वंशाविषयीचे मत पक्षाच्या मागोमाग बदलले.

एक खबरदारी मात्र घ्यावी. 'गोरे' ही एकच टोपली समजू नये. पोलिसांच्या हातून होणाऱ्या काळ्यांच्या मृत्यूंविरुद्ध उभ्या राहिलेल्या ब्लॅक लाइव्हज मॅटर चळवळीला जून २०२० मध्ये प्रौढ अमेरिकनांपैकी ६७ टक्क्यांचा पाठिंबा होता, सप्टेंबरमध्ये ५५ टक्क्यांचा. गोऱ्यांमध्ये तो ६० वरून ४५ वर आला. एवढेच वाचून 'गोऱ्यांचा उमाळा तीन महिन्यांत ओसरला' असा मथळा तयार होतो. खाली उतरून पाहिले तर डेमोक्रॅटिक गोऱ्यांत तो ९२ वरून ८८ वर, म्हणजे जवळजवळ जागच्या जागी, आणि रिपब्लिकन गोऱ्यांत ३७ वरून थेट १६ वर आलेला आहे. दाणे एका वाटीतून दोन वाट्यांत वाटून हे दाखवावे, आणि मथळा कोणी लिहावा हे सभासदांवर सोपवावे.

मडके

तोंडाने बदलले की मनाने, याचा शोध घेण्यासाठी अमेरिकी अभ्यासकांनी १९९० च्या दशकात एक युक्ती योजली. अर्ध्या लोकांना तीन गोष्टींची यादी दाखवायची आणि यांतल्या किती गोष्टींचा राग येतो, एवढा आकडाच विचारायचा. कोणत्या, ते नाही. उरलेल्या अर्ध्यांना त्याच तीन गोष्टी आणि चौथी : शेजारी काळे कुटुंब राहायला येणे. दोन गटांच्या सरासरीत जो फरक पडेल, तो त्या चौथ्या गोष्टीचा. कोणाचेही नाव उघड होत नाही. दक्षिणेकडील गोऱ्यांत हा फरक त्यांच्या तोंडी उत्तरांपेक्षा बराच मोठा निघाला.

हे गावात करून पाहता येते. चिठ्ठ्या टाकून दोन गट करावेत, प्रत्येक गटाचे मडके वेगळे ठेवावे, आणि आडोशाला जाऊन रागाच्या गोष्टी असतील तितके दाणे मडक्यात टाकावेत. चौथी गोष्ट म्हणून आम्ही शेजारच्या घरात दुसऱ्या जातीचे भाडेकरू येणे ही ठेवली. पहिल्या खेपेस मात्र मी मोठी चूक केली. बाकीच्या तीन गोष्टी म्हणून कापसाला भाव न मिळणे, कृषिपंपाची लाईट रात्रीच येणे आणि बियाणे बोगस निघणे, अशा निवडल्या. या तिन्हींचा राग कोणाला येत नाही? परिणामी चार दाणे टाकणारा माणूस चौथ्या गोष्टीला होकार देतो हे उघडच झाले, आणि मडक्यात दाणे पडण्याचा आवाज सभागृहात सगळ्यांना ऐकू जात होता. एक गृहस्थ चौथा दाणा मुठीत धरून परत आले, तो मी पाहिला. दुसऱ्या खेपेस मडक्याच्या तळाशी फडके घातले आणि तीनपैकी एक गोष्ट अशी ठेवली की जिचा राग कोणालाच येऊ नये, म्हणजे कोणाचाही आकडा चारवर जाणार नाही. जो हा प्रयोग करील त्याने हे दोन्ही आधीच करावे. शिवाय वीस-पंचवीस माणसांत निघणाऱ्या फरकावर काहीही सिद्ध होत नाही, हे प्रयोगापूर्वी सांगावे, नंतर नव्हे. नंतर सांगितले तर सारवासारव वाटते.

दाणे मोजून झाल्यावर एक वयस्क शेतकरी म्हणाले, "सर, मडक्यात दाना टाकाले काय लागते? धुरा सोडाले लागते." चौथी संध्याकाळ त्या वाक्यावर बेतावी.

धुरा

फळ्यावर चार रेघा ओढाव्यात. पहिली तत्त्वाची : सगळे समान आहेत का? दुसरी कायद्याची : सरकारने त्यासाठी काही करावे का? तिसरी मताची : मतपत्रिकेवर तुम्ही काय कराल? चौथी धुऱ्याची : ते तुमच्या गल्लीत, तुमच्या मुलाच्या शाळेत, तुमच्या खिशातून झाले तर? वंशाविषयीच्या मतांचा अभ्यास करणाऱ्यांनी तत्त्व आणि अंमल यांतील ही दरी फार पूर्वीच नोंदवून ठेवली आहे. प्रत्येक प्रसंग वाचून तो कोणत्या रेघेवर बसतो हे सभासदांनी ठरवावे.

बोस्टनला भरपूर वेळ द्यावा. जून १९७४ मध्ये संघीय न्यायाधीशांनी निकाल दिला, की शहराच्या शाळा समितीने काळी आणि गोरी मुले जाणूनबुजून वेगळी ठेवली आहेत. उपाय म्हणून मुलांना बसने एकमेकांच्या वस्तीतील शाळांत नेण्याचे ठरले. सप्टेंबरमध्ये काळ्या मुलांच्या बसगाड्या साउथ बोस्टनला पोहोचल्या तेव्हा त्यांच्यावर दगड पडले. दगड मारणारे बहुतांशी आयरिश वंशाचे कष्टकरी गोरे होते, आणि टीव्हीवर ते पाहून हळहळणारे सुशिक्षित गोरे उपनगरांत राहत होते, जिथे तो आदेश लागूच नव्हता. त्याच वर्षी जुलैमध्ये डेट्रॉइटच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी ठरवले होते, की शहराच्या चुकीसाठी उपनगरांच्या शाळांना अशा योजनेत ओढता येणार नाही. म्हणजे पांदण ठरली, पण ती फक्त गरिबाच्या वावरातून. दगड मारणाऱ्यांची बाजू घ्यावी असे मी म्हणत नाही. दगड तो दगडच. परंतु ज्याचा धुरा सुरक्षित आहे त्याच्या उदारपणाचे माप कसे घ्यावे, हा प्रश्न येथे जितका उघडा पडतो तितका कुठेच नाही, आणि आमच्याकडे या प्रसंगावर साडेनऊनंतरही तासभर बोलणे चालले होते.

पुढचे दोन प्रसंग अलीकडचे. नोव्हेंबर २०२० मध्ये कॅलिफोर्नियाने बायडेन यांना सुमारे ६३ टक्के मते दिली. त्याच मतपत्रिकेवर सोळाव्या क्रमांकाचा प्रस्ताव होता : सरकारी नोकरी, कंत्राटे आणि विद्यापीठ प्रवेशात वंश विचारात घेण्यावर १९९६ साली घातलेली बंदी उठवावी. फ्लॉइडच्या मृत्यूला सहा महिनेही झाले नव्हते. तरी ५७ टक्क्यांनी नाही म्हटले. येथे संचालकाने लगेच थांबवून सांगावे, की त्या राज्याचे मतदार फक्त गोरे नाहीत, लॅटिनो आणि आशियाई वंशाचे मतदारही मोठ्या संख्येने आहेत, त्यामुळे हा सगळा भार गोऱ्या उदारमतवाद्यांवर टाकणे अन्याय होईल. दुसरा प्रसंग मिनियापोलिसचा. जून २०२० मध्ये शहर परिषदेच्या १३ पैकी ९ सदस्यांनी एका बागेत व्यासपीठावर उभे राहून पोलीस खाते मोडून नवी रचना आणण्याचे वचन दिले. नोव्हेंबर २०२१ मध्ये खाते बदलण्याचा प्रस्ताव मतदारांपुढे आला, आणि सुमारे ५६ टक्क्यांनी तो फेटाळला.

हा दुसरा प्रसंग 'बघा, शेवटी ढोंगच' या एका वाक्यात गुंडाळण्याचा मोह होतो. तेव्हा गॅलपचा २०२० च्या उन्हाळ्यातील आकडा समोर ठेवावा : आपल्या भागात पोलिसांचा वावर आहे तितकाच राहावा किंवा वाढावा, असे ८१ टक्के काळ्या अमेरिकनांना वाटत होते. त्यांना पोलीस हवे होते, मारहाण नको होती. अशा काही प्रश्नांवर गोरे उदारमतवादी काळ्या मतदारांच्याही पुढे धावत होते, आणि ज्याच्यासाठी धावायचे त्याला न विचारता धावणे हा धुरा न सोडण्याचाच एक सभ्य प्रकार आहे, असे माझे मत झाले आहे. मंडळातील सर्वांचे ते झाले नाही.

याच संध्याकाळी मार्टिन ल्यूथर किंग यांच्या बर्मिंगहॅम तुरुंगातील १६ एप्रिल १९६३ च्या पत्राचा आशय सांगावा. त्यांची तक्रार उघड वैऱ्यांपेक्षा 'मवाळ' गोऱ्यांविषयी जास्त होती, ज्यांना न्यायापेक्षा शांतता प्रिय असते आणि जे दुसऱ्याच्या स्वातंत्र्याचे वेळापत्रक स्वतः आखून देतात. आज ज्या मोर्च्याचे गोडवे गायले जातात, त्या ऑगस्ट १९६३ च्या वॉशिंग्टनच्या मोर्च्याविषयी ऐकलेल्यांपैकी सुमारे ६० टक्के अमेरिकनांचे मत आधी प्रतिकूल होते, हेही जोडून सांगावे.

पाचवी, न ठरवलेली संध्याकाळ

विषय गावाकडे वळतोच, वळवावा लागत नाही. येथे इतिहासाचा धागा तयार आहे : जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेतील गुलामगिरी नष्ट करणाऱ्या सज्जनांना अर्पण केली; बाबासाहेबांनी १९४६ मध्ये काळे अमेरिकी विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे दिलेल्या काळ्यांच्या निवेदनाच्या प्रती मागितल्या. १९७२ च्या दलित पँथरने तर नावच तिकडच्या ब्लॅक पँथरवरून घेतले. तरीही जात म्हणजे वंश नव्हे, हे एकदा नीट सांगून पुढे जावे. रंग रस्त्यात दिसतो. जात आडनाव विचारून, वस्ती विचारून काढली जाते.

माझी दुसरी चूक येथली. बौद्ध वस्तीतून येणाऱ्या एका मुलाला मी सगळ्यांसमोर विचारले, "तुझा काय अनुभव आहे?" तो हसून खाली पाहू लागला आणि पुढचा आठवडाभर आला नाही. अमेरिकेतील गोऱ्या वर्गमित्रांना शिकवण्याचे काम काळ्या मुलावर टाकले जाते म्हणून आम्ही आदल्याच दिवशी नाक मुरडले होते. त्यामुळे नियम असा करावा, की या संध्याकाळी प्रश्न ज्याच्या हाती घर, विहीर, वावर किंवा लग्नाचा निर्णय आहे त्यालाच विचारायचा, आणि तोही लेखी. प्रत्येकाने लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर आपला धुरा कोणता ते लिहावे : भाड्याची खोली, मुलीचे स्थळ, स्मशानाची वाट, बैलबंड्या भरायला आलेल्या मजुराचा चहाचा कप. कार्ड वाचून दाखवायचे नाही, गोळा करायचे नाही, घरी न्यायचे. बचत गटातून आलेल्या बायकांनी येथे पुरुषांपेक्षा जास्त वेळ घेतला. घाई करू नये.

सुतळी उतरवू नये. नवी पाहणी आली, नवा निकाल लागला की कोरी पत्रिका भरावी, आणि तो आकडा कोणत्या रेघेवरचा आहे हे मागे लिहावे. शंभर दाणे मोजून बरणीत ठेवावेत, वर कडुलिंबाचा वाळलेला पाला घालावा. तुरीला पावसाळ्यात कीड लवकर लागते, आणि पुढच्या फाल्गुनात नव्व्याण्णव निघाले तर सगळे हिशेब चुकतात.